उपास, उपासमार आणि कॅमेरा



भिवंडीसारख्या गावात, जिथे मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, तिथे वसंतातल्या चार संध्याकाळी लोक शांत बसून इतिहास ऐकतात ह्याचे आम्हांला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. आजचा विषय कळल्यावर काही मंडळींनी आम्हांला विचारले, की युनियनच्या माणसाला ख्रिस्ती धर्म आणि फोटोग्राफी ह्यांच्याशी काय कर्तव्य? आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि फोटोग्राफर तर नव्हेच. परंतु भुकेल्या माणसाचा फोटो कोणी काढावा, कोणाला दाखवण्यासाठी काढावा आणि त्याच्याखाली काय लिहावे, हा प्रश्न कामगारांची बाजू मांडणाराला नेहमी पडतो. ह्या बाबतीतला जुना आणि मोठा अनुभव ख्रिस्ती मिशनांच्या गाठीशी आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे. म्हणून हा विषय.

प्रथम एक साधी अडचण लक्षात घ्या. कॅमेऱ्यापुढे जे उभे असेल तेच कॅमेरा टिपतो. चित्रकाराचे तसे नाही. गोव्यातील सांत इस्तेव गावचे अँजेलो द फोन्सेका १९०२ साली जन्मले, शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्तप्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर येशूची आणि मरियेची चित्रे काढली. त्यांची मरिया लुगडे नेसते, कपाळाला कुंकू लावते. १९६७ साली ते वारले, तोवर त्यांच्या स्वतःच्या धर्मबांधवांपैकी अनेकांच्या गळी ही चित्रे उतरली नव्हती, हा भाग निराळा. परंतु चित्रकाराला असे करता येते, कारण कुंचला कल्पनेच्या आज्ञेत असतो. फोटोग्राफरने काय करावे? येशू जाऊन अठराशे वर्षे झाल्यावर, १८३९ साली, फोटोग्राफी जगापुढे आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा आमच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या वसईच्या चर्चांना अडीचतीनशे वर्षे होऊन गेली होती. ज्याच्यावर श्रद्धा ठेवायची तो कॅमेऱ्यापुढे येणार नाही, आणि जो कॅमेऱ्यापुढे येतो तो तर साधा माणूस. श्रद्धा दाखवायची कशी?

ह्या प्रश्नाला जगात तीन उत्तरे मिळाली, आणि गंमत अशी की तिन्ही उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चारपाच वर्षांतच ठळकपणे पुढे आली.

पहिले उत्तर इटलीतले. तुरिन शहरात एक जुने तागाचे वस्त्र आहे. येशूचा देह क्रुसावरून उतरवल्यावर ह्याच वस्त्रात गुंडाळला होता अशी भाविकांची समजूत. त्यावर मानवी देहाचा अंधुक ठसा दिसतो. १८९८ च्या मे महिन्यात सेकोंदो पिया नावाच्या वकिलाने, जो हौशी फोटोग्राफर होता, त्या वस्त्राचा फोटो घेतला. अंधाऱ्या खोलीत काच धुताना त्याला दिसले, की निगेटिव्हवर एक चेहरा स्पष्ट उमटला आहे, डोळे मिटलेला आणि दाढी असलेला. वस्त्रावरचा ठसाच उलटा होता, म्हणून उलट्याचे उलट होऊन सुलटे दिसले. जगभर खळबळ उडाली. पुढे १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी त्या कापडाचा धागा तपासला आणि तो तेराव्या-चौदाव्या शतकातला, म्हणजे १२६० ते १३९० ह्या काळातला, असल्याचा निर्वाळा दिला. वाद तरीही मिटला नाही, मिटणारही नाही. आम्ही कापडाच्या गावचे असल्यामुळे आमचे लक्ष चेहऱ्याआधी विणीकडे जाते एवढेच!

दुसरे उत्तर अमेरिकेतले, आणि तेही १८९८ चेच. बॉस्टनजवळ नॉरवुड गावी फ्रेड हॉलंड डे नावाचे एक श्रीमंत गृहस्थ राहत. ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय, फोटोग्राफीचा नाद. येशूच्या क्रुसारोहणाची छायाचित्रे काढायची असे त्यांनी ठरवले आणि स्वतःच येशू होण्याची तयारी केली. केस आणि दाढी वाढवली, आणि देह क्रुसावरच्या देहासारखा दिसावा म्हणून महिनोन् महिने उपास केला. वस्त्रे परदेशाहून मागवली, रोमन शिपाई म्हणून माणसे उभी केली आणि टेकडीवर क्रूस रोवून सुमारे अडीचशे काचा घेतल्या. येशूचे अखेरचे सात उद्गार दाखवणारी सात चेहऱ्यांची मालिका करताना आपली मुद्रा आपल्याला दिसावी म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला आरसा बसवला होता. काही लोकांना हे थोर वाटले, काहींना पाखंड. आम्हांला ह्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. आरशाबद्दल मात्र थोडी आहे.

येशूचे सोंग उभे करून फोटो घेण्याच्या ह्या वाटेवरच पुढे येशूच्या जीवनाचे चित्रपट निघाले, आणि तिचा एक फाटा थेट आपल्या दारात येतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके काही काळ धंद्याने फोटोग्राफर होते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूक चित्रपट पाहिला. तो पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतः पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवले आहे. दुसऱ्या वेळी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला जाऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. मिशनऱ्यांनी मराठी मुलखात शंभर वर्षे प्रवचने केली, पत्रके वाटली, शाळा काढल्या. तेवढ्याने जे झाले नाही ते ह्या हलत्या चित्राने एका संध्याकाळी केले. त्याने श्रोत्याला ख्रिस्ती केले नाही, पण देव पडद्यावर आणण्याची विद्या त्याच्या हाती दिली. ह्या कथेवर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. असो.

आता तिसरे उत्तर. हे आमचे खरे सांगणे.

येशूच्या शिकवणीत असा एक भाग आहे, की भुकेल्याला, उघड्याला, परक्याला जे तुम्ही दिले ते मलाच पोचले. हा विचार ज्याने मनावर घेतला त्या फोटोग्राफरची अडचण सुटते. येशूचा फोटो निघत नसेल, पण भुकेल्याचा निघतो, आणि भुकेला म्हणजेच तो. १८८८ साली कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा बाजारात आला, तो कोणालाही चालवता येई. त्याच सुमारास फोटो थेट मासिकाच्या पानावर छापण्याची युक्ती रूढ झाली. आणि नेमक्या त्याच वेळी हिंदुस्थानात दोन भयंकर दुष्काळ पडले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. ह्या दुसऱ्याला गुजरातेत अजून ‘छपनियो’ म्हणतात. दख्खन, खानदेश, गुजरात, मध्यप्रांत. माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर जात, नाहीतर रस्त्याच्या कडेला बसत. त्यांत १८९६ पासून प्लेग.

ह्या माणसांचे फोटो निघाले. बरगड्या मोजता येतील अशी मुले, कडेवरचे मूल धरण्याचेही त्राण नसलेल्या आया. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ ह्या धार्मिक साप्ताहिकाने ते छापले आणि वाचकांकडे मदत मागितली. वाचक बहुतेक मध्यम स्थितीतले, शेतकरी, शाळामास्तर, विधवा. १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाची आगबोट सुमारे २,००,००० बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईला निघाली. शिवाय पोरक्या मुलांच्या पालनासाठी पैसा आला तो वेगळा. अहमदनगर, शिरूर इत्यादी ठिकाणी अमेरिकन मराठी मिशनने मुले सांभाळली. हे श्रेय कमी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. त्या मक्यावर जे पोर जगले त्याला फोटोच्या नीतिशास्त्राशी कर्तव्य नव्हते.

एकाच काळातल्या ह्या दोन चित्रांकडे मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. नॉरवुडच्या टेकडीवर एक धनिक उपास करून, बरगड्या दिसाव्यात म्हणून झिजून, श्रद्धेचा फोटो काढतो. आणि नगर जिल्ह्यात, गुजरातेत, माणसे काहीही न ठरवता तशीच झिजलेली आहेत आणि श्रद्धेनेच कोणी त्यांचा फोटो काढीत आहे. उपास आणि उपासमार हे दोन शब्द आपल्या भाषेने किती जवळ ठेवले आहेत! आमच्या चळवळीतही उपोषण हे हत्यार आहे, आणि ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते त्यालाच ते पेलते हे प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. डे ह्यांचे नाव त्यांच्या प्रत्येक चित्राखाली आहे. दुष्काळातल्या माणसांच्या चित्रांखाली बहुधा कोणाचेच नाव नसते.

दुसरी एक रीत ह्या काळात फार चालली, ती जोडफोटोंची. मूल आले तेव्हा असे होते, आता असे आहे. ही रीत लंडनची. तिथे डॉक्टर बर्नार्डो ह्या धर्मनिष्ठ गृहस्थाने रस्त्यावरच्या पोरांसाठी आश्रम काढला आणि असे जोडफोटो पत्त्यांसारखे छापून विकले. ‘पूर्वी’च्या फोटोसाठी मुलांचे कपडे मुद्दाम फाडले जातात असा त्यांच्यावर आरोप आला आणि १८७७ साली प्रकरण लवादापुढे गेले. (लवाद म्हटला की आमचे कान टवकारतात.) लवादाने संस्थेचे काम चांगले ठरवले, पण असे बनावट फोटो काढण्याबद्दल त्यांना कानपिचक्या दिल्या. तरीही ही रीत संपली नाही. आजही मदतीच्या पत्रकांत ती दिसते. तिच्यातली खोट खोटेपणाच्याही पलीकडची आहे. दोन फोटोंच्या मध्ये जे घडले ते सगळे आश्रमाच्या नावावर जमा होते. पहिल्या फोटोच्या आधी काय घडले, मूल त्या दशेला कोणी आणले, हे कुठेच येत नाही.

काय घडले होते? त्या वर्षांत शेतसारा वसूल होत होता. १८९६ साली ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेने गावोगाव शेतकऱ्यांना सांगितले, की सरकारच्याच दुष्काळ-संहितेप्रमाणे तुम्हांला सूट मागण्याचा हक्क आहे. १९०० साली रमेशचंद्र दत्तांनी लॉर्ड कर्झनला खुली पत्रे लिहून दुष्काळाचा आणि साऱ्याचा संबंध आकड्यांनी मांडला. ह्यातले काहीही कॅमेऱ्यात येत नाही. पाऊस पडला नाही हे भेगाळलेल्या जमिनीच्या फोटोत दिसते. तलाठ्याचे दप्तर दिसत नाही. मिशनरी राज्यकर्त्यांच्या परवानगीने इथे राहत होते हेही एक कारण असेल. त्यांना दया दाखवता येत होती, दावा लावता येत नव्हता.

ह्या साऱ्या इतिहासात एक व्यक्ती अशी आहे, जिला ह्या वर्गवारीत बसवता येत नाही. पंडिता रमाबाई. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थयात्रा करीत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात ते कुटुंब अक्षरशः अन्नावाचून झाले. वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत, कदान्न खात, १८७८ साली कलकत्त्याला पोचले. त्या वेळी ह्या पोरीचा फोटो कोणी काढला नाही. काढला असता तर तिच्या डोक्यातले हजारो श्लोक त्यात आले नसते!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगाव. १८९७ मध्ये दुष्काळ पडल्याचे ऐकून त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेतून आणल्या. त्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. ह्या मुलींचेही फोटो निघाले आणि परदेशी पुस्तकांतून, मासिकांतून छापले गेले. पण ते फोटो ज्या हाताने पाठवले जात तो हात एके काळी त्या चित्रातला होता. १८९७ च्या सुमारास रमाबाईंनी आपल्या कुटुंबाच्या उपासमारीची हकीगत स्वतः लिहून प्रसिद्ध केली. आपणही ह्यांच्यातल्याच एक, असे सांगून मदत मागणे आणि वरून खाली बोट दाखवून मदत मागणे, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आणि रमाबाईंचे स्वतःचे फोटो पाहा. पांढरे लुगडे, आखूड कापलेले केस, अंगावर दागिना नाही. हा हिंदू विधवेचाच वेश. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तो टाकला नाही. इंग्लंडात असताना लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्याबद्दल त्यांच्या धर्ममातेशी, भगिनी जेराल्डीन ह्यांच्याशी, त्यांचा पत्रव्यवहार झाला, तेव्हा त्यांनी विचारले होते की अक्षरे कोरायचीच तर ती आपल्या संस्कृतात का नकोत. जी भाषा आपल्याला आणि आपल्या लोकांना कळत नाही ती गळ्यात कशाला? आमच्या मते मराठी मुलखातील ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत बोलके छायाचित्र हेच. त्यात क्रूस शोधावा लागत नाही, सोंगही नाही. ज्या वेशाने समाजाने तिला हीन ठरवले त्याच वेशात ही बाई ताठ बसली आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

फोटोत जे येत नाही ते रमाबाईंनी लेखणीने सांगितले, हेही विसरू नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड पत्र लिहिले. प्रकरण थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात गेले, आणि गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांना खुलासा करावा लागला. दयेच्या वाटेने चाललेली ही बाई वेळ आली तेव्हा दावा लावायला कचरली नाही.

इथे थोडे आमच्या गावाच्या धंद्याचे. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना फुकट खाऊ घालणे पुरे नाही, त्यांच्या हाताला काम पाहिजे, हे मिशनांना लवकरच उमगले. केडगावला छापखाना, विणकाम, तेलघाणा सुरू झाला. अहमदनगरला डी. सी. चर्चिल नावाचे मिशनचे अभियंते आले आणि मुलांना विणकाम शिकवता शिकवता त्यांनी वेगाने चालणारा सुधारलेला हातमाग बनवला. त्याची त्या काळी देशभर वाखाणणी झाली. जी पोरे ‘पूर्वी’च्या फोटोत होती त्यांतली काही ह्या मागांवर बसली असतील. भिवंडीचे हातमाग पुढे १९३० च्या सुमारास यंत्रमागांपुढे मागे सरू लागले, त्यामुळे नगरच्या त्या मागाची आठवण आता जुन्या अहवालांपुरती उरली आहे. पण आम्हांला विचाराल तर त्या मुलाचा तिसरा फोटो हवा होता. विणकर झाल्यावरचा, मजुरीच्या दरासह.

भुकेच्या फोटोत दोषी माणसाचे नाव घालता येते का? येते, आणि तेही ख्रिस्ती मिशनमधल्याच एका बाईने करून दाखवले. त्यासाठी महाराष्ट्र सोडून आफ्रिकेत जावे लागेल. काँगोचा मुलूख तेव्हा बेल्जमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होता. तिथे रबर गोळा करण्याचा ठेका कंपन्यांकडे. गावाने ठरलेले रबर आणले नाही तर कंपनीचे शिपाई माणसे मारीत, हात तोडीत. बारिंगा येथील मिशनठाण्यात ॲलिस सीली हॅरिस नावाची इंग्रज मिशनरी बाई राहत होती. १९०४ च्या मे महिन्यात न्साला नावाचा एक गावकरी पानात काही गुंडाळून तिच्या ओसरीवर आला. पानात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल होते. बाईने त्याला ओसरीच्या कडेला बसवले, ते दोन अवशेष त्याच्यापुढे ठेवले आणि फोटो घेतला. न्साला त्यांच्याकडे पाहत बसला आहे. मागे, थोड्या अंतरावर, दोन माणसे उभी आहेत. एवढाच तो फोटो.

पण बाईने आणि तिच्या नवऱ्याने नोंद केली ती पुरी. बापाचे नाव न्साला. मुलीचे नाव बोआली. गावाचे नाव वाला. कंपनीचे नाव, शिपाई कोणाचे, रबर किती कमी पडले होते. मग हे फोटो काचेवर उतरवून इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चांमधून, सभागृहांमधून मॅजिक लँटर्नने पडद्यावर दाखवले गेले. आधी भजन होई, मग दिवे मालवत, मग न्साला दिसे. ह्याच पडद्यावर पूर्वी मिशनांच्या शाळा आणि बाप्तिस्मे दाखवले जात. लोक वर्गणी देऊन घरी जात. आता वर्गणीबरोबर ठराव होऊ लागले, पार्लमेंटात प्रश्न विचारले जाऊ लागले. मार्क ट्वेनने १९०५ साली लिओपोल्डवर एक पुस्तिका लिहिली, तीत हा राजा बाकी सगळ्यांना लाच देता आली पण ह्या कोडॅकला देता येत नाही म्हणून कुरकुरतो. १९०८ साली काँगो लिओपोल्डच्या खासगी ताब्यातून काढून घेण्यात आला. नंतरचे राज्यही परकेच होते आणि तिथल्या मजुराचे हाल त्याने एकदम संपले नाहीत, हे आम्ही लपवीत नाही.

काँगोतल्या अपराध्यांत इंग्रज सरकार नव्हते, म्हणून इंग्लंडच्या चर्चमध्ये हा फोटो दाखवणे सोपे गेले असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. दख्खनच्या दुष्काळाचा फोटो त्याच पडद्यावर, त्याच भजनानंतर दाखवला असता आणि खाली त्या तालुक्याचा वसूल झालेला सारा लिहिला असता, तर दिवे लागल्यावर सभेत काय झाले असते? तसा खेळ कोणी केल्याचे आम्हांला ठाऊक नाही. सारा किती वसूल झाला हे सरकारी अहवालांत होते, फोटो मिशनच्या मासिकांत होते. आजही आमच्याकडे कारखान्याला आग लागली की फोटो वर्तमानपत्रात येतो, आणि त्या शेडमध्ये किती माणसे रात्रपाळीला होती, दाराला बाहेरून कुलूप होते काय, हजेरीपटावर त्यांची नावे तरी होती काय, हे विचारत आम्ही दुसऱ्या कचेरीत उभे असतो.